सुपारीच्या मापाची गोळी

वस्तू दिसली की तिची किंमत विचारायची, ही माझी खोड जुनी आहे. पाहुण्याच्या हातातल्या छत्रीपासून देवळातल्या नव्या घंटेपर्यंत कोणती गोष्ट केवढ्याला पडली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. घ्यायची नसली तरी विचारायचं. आई चारचौघांत चिमटे काढायची आणि मी घरी आल्यावर तिला विचारायची, की किंमत विचारली म्हणून त्यांच्या छत्रीला भोक पडलं का. पुढे व्हर्नाक्युलर फायनल होऊन रत्नागिरीत मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तरी खोड गेली नाही. उलट स्वतःचा पगार हातात आल्यावर तिला जोर चढला.

त्यामुळे सन तीसच्या पुढच्या एका श्रावणात माझ्या आत्याने ओटीवर बसल्या बसल्या मला विचारलं, "बंदुकीच्या गोळ्या पाडायचं सामान केवढ्याला पडंल गो?" तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगून पटणार नाही. आजवर मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. आणि मुख्य म्हणजे त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं.

आत्या बाबांची थोरली बहीण. मिरजोळ्याच्या पुढे कातळाचा सडा उतरून गेलं की तिचं घर. यजमान दोन वर्षांपूर्वी तापाने गेले होते. मूलबाळ नव्हतं. खाली भाताचा एक तुकडा, वर उतारावर नाचणी, परसात थोड्या पोफळी आणि घरात एक ठासणीची बंदूक, एवढा तिचा संसार. बंदूक डुकरांसाठी. नाचणी दाण्यावर आली की रानडुकरं घळीतून वर येत आणि खातील त्याच्या दुप्पट तुडवून जात. बाबा कचेरीत कारकून होते. यजमान गेल्यावर परवाना आत्याच्या नावावर करून घेण्यासाठी त्यांनी पुष्कळ हेलपाटे घातले होते, कारण शेतराखणीची बंदूक आणि ती बाईच्या नावावर, म्हटल्यावर प्रत्येक टेबलावरचा माणूस आधी हसून घेई आणि मग कागद पुढे सरकवी.

परवाना झाला, पण गोळ्या संपल्या. यजमान आपल्या गोळ्या घरीच पाडत. साचा एका मित्राचा होता. तो मित्र मुंबईला गिरणीत लागला आणि साचाही त्याच्याबरोबर गेला. मुंबईत तो कुणावर गोळ्या झाडणार होता देव जाणे! गेल्या साली आत्याने डबे वाजवून शेत राखायचा प्रयत्न केला. डुकरांना दोन दिवसांत त्या आवाजाची सवय झाली आणि निम्मी नाचणी गेली.

बाबांनी तेव्हाच मनाशी ठरवलं असावं. आत्याचा प्रश्न ऐकून ते हातातलं पानाचं तबक खाली ठेवून म्हणाले, "बाय, आता पुरे झालं हां. ह्या साली शेत राखता आलं तर राहा तिथं. नायतर नाचणी झोडून झाली की घराला कुलूप घालायचं नि इकडं यायचं. एकटी बाई त्या घळीच्या तोंडाशी राहतेस, मला इकडं झोप येत नाय."

"बरं," आत्या म्हणाली.

बाबा दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच झोप येत नसे, मी पाहिलेलं आहे. पण आमच्या घरी येऊन राहणं म्हणजे काय हे आत्याला पक्कं माहीत होतं. सकाळी उठायचं ते भावजयीच्या वेळेला, चुलीशी बसायचं ते विचारून, आणि मिठाची बरणी कुठे ठेवायची हेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचं. माझी आई प्रेमळ होती. पण तिच्या स्वयंपाकघरात मलादेखील पाहुण्यासारखं वावरावं लागे. आत्याचं राहतं घर या एका पिकावर टांगलेलं होतं, आणि तिघंही ते ओळखून होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बाजारात निघालो. बंदुकीची दारू आणि केपा विकणारं परवान्याचं एक दुकान होतं. केपा म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या चिमुकल्या टोप्या. आत्या त्या घ्यायला गेल्या साली एकदा आलेली होती. या वेळी तिने गोळ्या मागितल्या. दुकानदाराने चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बोअर कितीचं?"

"बोरं आता कुठली?" आत्या म्हणाली. "सुपारी आनलीय मी."

आणि तिने कमरेची चंची सोडून त्यातून एक ओली सुपारी काढून फळीवर ठेवली. दुकानदार त्या सुपारीकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. मग उलगडा झाला. दुकानदाराचं बोअर म्हणजे नळीचं माप. तिने घरून निघताना बंदुकीच्या तोंडात एकेक सुपारी घालून पाहिली होती. जी धड अडकेना आणि धड सैलही होईना, ती माप म्हणून बरोबर आणली होती. आत्याचे दात हलत होते, म्हणून तिच्या सुपाऱ्या कायम मडक्यात पाण्यात भिजत घातलेल्या असत. ही त्यातलीच एक.

दुकानदाराला हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र तो सभ्य माणसासारखा वागला. म्हणाला, अशा मापाची तयार गोळी माझ्याकडे नाही, मुंबईहून मागवावी लागेल, आणि आली तरी बसेलच असं नाही, कारण या गावठी नळ्या कुणाच्या कुणासारख्या नसतात. मग त्याने आतून एक पुठ्ठ्याचा डबा आणला. त्यात विलायती साचा होता. लोखंडी, सांडशीसारखा, तोंडाशी दोन जाड पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीत अर्ध्या गोळीएवढा खळगा. मिटला की आत पूर्ण गोळीची पोकळी तयार व्हायची. वर बारीक भोक, त्यातून शिसं ओतायचं. मी तो दहादा उघडून मिटून पाहिला. अर्धा गोल अधिक अर्धा गोल मिळून एक गोल, हे मी मुलींना फळ्यावर शिकवत होते, पण हातात धरून कधी पाहिलं नव्हतं.

"केवढ्याला?" मी विचारलं.

त्याने सांगितलेला आकडा माझ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाएवढा होता.

"ह्यात गोळ्या किती?" आत्याने विचारलं.

"गोळ्या नाहीत बाई. नुसता साचा."

"म्हंजे पोकळीचं येवडं पैसं?"

त्याने साचा डब्यात ठेवून झाकण लावलं. आम्ही दारू आणि केपांचे पैसे तेवढे दिले आणि बाहेर पडलो. रस्त्यात आत्या मला म्हणाली, "भरलेलं इकत घ्यावं मानसानं. रिकामं कसलं घ्यायचं?" पण मला त्या रिकाम्याचीच भूल पडली होती. गोळी काय, एकदा झाडली की संपली. पोकळी मात्र हवी तितकी वापरा, झिजत नाही. हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती चालता चालता थांबली, विचार केला आणि म्हणाली, "मंग आपली करून घेऊ."

असे आम्ही ओताऱ्याकडे पोचलो. हा ओतारी पितळी समया, घंटा, दाराच्या कड्या ओतत असे. त्याला साचा म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही, उलट तो मला समजावू लागला. किंमत त्याने विलायतीच्या पावपट सांगितली, आत्याने आणखी खाली ओढली. अडलं फक्त मुदतीवर. गणपती तोंडावर आलेले, समया आणि निरांजनांची कामं साचलेली, तेव्हा ते उरकल्यावरच साचा मिळेल म्हणाला. माप म्हणून आत्याने सुपारी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती भट्टीशेजारच्या कोनाड्यात, हरवू नये म्हणून नीट आत सरकवून ठेवली. माणूस व्यवस्थित होता.

आत्या गावी परतली आणि बाकीचं सामान जमवायचं काम माझ्यावर आलं. ते मला इतकं आवडलं की शाळेत शिकवताना अर्धं लक्ष तिकडेच असायचं. शिशासाठी मी मांडवीच्या बंदरावर गेले. कोळणींच्या जाळ्यांना खाली शिशाचे मणी असतात, जाळं बुडावं म्हणून. फाटक्या जाळ्यांतले मणी कुठेतरी पडून असणारच, हा माझा तर्क. एका म्हातारीने टोपलीभर मणी दाखवले आणि विचारलं, "तुला गो कशाला बाय? तू काय जाळं टाकतंस?"

"बंदुकीच्या गोळ्या करायच्यात," मी म्हटलं.

ती इतकी हसली की शेजारच्या दोघी विचारपूस करायला आल्या. मग तिघींनी मिळून मला शिसं कसं पारखायचं ते शिकवलं. नखाने ओरखडा उठला तर खरं, नाही उठला तर भेसळ. मी प्रत्येक मण्यावर नख घासत बसले. घरी आले तेव्हा बोटं काळी आणि हातात रुमालाची एवढीशी गाठ, पण खांदा उतरला होता. एवढ्याशा गोष्टीत इतकं वजन कुठून येतं, याचं मला फार दिवस नवल वाटत राहिलं.

पळी लोहाराकडून करून घेतली, चोच असलेली. स्वयंपाकातली जुनी पळी वापरा, असं बाबांनी सुचवलं होतं. आत्याने ती कल्पना झटकून टाकली होती. शिसं लागलेली पळी चुकून आमटीत गेली तर काय, डुकराआधी आपणच जायचो. वितळवायला तिच्याकडे तडा गेलेली एक लोखंडी कढई होती. ती फुकट. बाबा रोज संध्याकाळी कचेरीतून आले की विचारत, "आज काय घेतलंस?" आणि मी सांगितलं की डोळे मिटून मनात बेरीज करत. तोंडाने काही म्हणत नसत. त्यांच्या ओठांची हालचाल मात्र मला दिसे आणि संताप येई.

गावात व्हायची ती चर्चा झालीच. आमच्या हेडमास्तरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. दिवस असे होते, की सरकारला कुणाच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्यांचाही संशय यावा. "तुम्ही बंदुकीच्या गोळ्यांचा भाव विचारत फिरता, असं कानावर आलं," बाई म्हणाल्या. मी आत्या, डुकरं, परवाना, सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा निवळला. मग त्या दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "पण काय भाव आहे?" तेव्हा कळलं की ही खोड माझ्या एकटीची नाही.

गणपती गेले आणि साचा झाला. पितळी, चकचकीत, लाकडी मुठींचा. ओताऱ्याने सुपारी परत केली आणि साच्यात घालून दाखवली. पाकळ्या मिटल्या तर केस शिरायला फट नव्हती. मी खुशीत त्याला ठरल्यापेक्षा वर एक आणा दिला. बाबांना तो सांगितला नाही.

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी मी साचा, पळी, शिसं आणि ती सुपारी घेऊन आत्याकडे गेले. परसात तीन दगडांवर कढई चढवली. शिसं आधी नुसतं बसून राहिलं, काही होईना. मग कडेकडेने पाझरू लागलं आणि एकाएकी सगळे मणी एकमेकांत बुडाले. वर राखाडी साय आली. आत्याने पळीने ती बाजूला सारली आणि खालून असं काही लखलखीत वर आलं की मी पुढे वाकले. "मागं हो, नाकाला चटका बसंल," ती ओरडली.

पहिली गोळी सुरकुतलेली निघाली. "सासूबाय निघाली," आत्या म्हणाली आणि ती परत कढईत टाकली. दुसरीही तशीच. साचा गार असताना शिसं भिंतीला लागताच आखडत होतं. दोन-चार खेपांनी साचा तापला आणि मग एकेक गोळी गुळगुळीत पडू लागली. प्रत्येक गोळीला वर देठ राहायचा, जिथून शिसं ओतलं तिथला. तो आत्याने आपल्या अडकित्त्याने कातरला. कातरून झाल्यावर अडकित्त्याकडे पाहून म्हणाली, "ह्येच्यानं आता सुपारी कातरायची नाय." नवा अडकित्ता घ्यावा लागणार होता. बाबांच्या बेरजेत तो नव्हता.

गोळी गार झाल्यावर तिने बंदुकीच्या तोंडात सोडली. गोळी घरंगळत थेट तळाशी गेली. आत्याचा चेहरा खुलला. "बगितलंस? माजा नवरा गज ठोकून ठोकून घामाघूम व्हायचा. ही कशी लोण्यासारकी गेली!" चांगल्या कामाची हीच खूण, असं आम्हा दोघींना वाटलं. विलायतीचे पैसे वाचवून विलायतीहून सरस वस्तू मिळाली, म्हणून मी तर हवेतच होते.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला आम्ही माळ्यावर चढलो. माळा म्हणजे चार बांबूंवर बांधलेली राखणीची माचण. ती शेताच्या वरच्या कडेला होती, आणि डुकरं यायची खालच्या घळीतून. आत्याने बंदूक घरीच भरून आणली होती. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग गोळी. गोळीवर काही नाही, कारण यजमानही कधी काही घालत नसत. मी तिच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसले. मला बोलायची बंदी होती आणि मला एकामागून एक प्रश्न सुचत होते.

उजेड सरता सरता नाचणी खालच्या बाजूने हलायला लागली. आधी एक पाठ दिसली, मग तीन. आत्याने बंदूक उचलली, नळी उताराच्या दिशेने खाली केली आणि नेम धरला. तेवढ्यात माळ्याखाली पाचोळ्यात काहीतरी टप् करून पडलं. मला वाटलं सरडा असेल. मग बार उडाला. केवढा तो आवाज, आणि केवढा धूर! डुकरं घळीत पळाली. आत्या खाली उतरून रक्त शोधत फिरली. एक थेंब नव्हता.

"नेम चुकला," ती म्हणाली. एवढंच.

सकाळी उठून पाहिलं तर डुकरं पहाटे परत येऊन खालचा सगळा पट्टा साफ करून गेली होती. आवाज होतो पण काही लागत नाही, हे त्यांना कळलं होतं. आत्या बांधावर उभी राहून बघत होती. मला तिच्याजवळ जायचा धीर होईना, म्हणून मी तो सरडा शोधायला माळ्याखाली गेले. पाचोळा चाळवला. आणि तिथे गोळी पडलेली, कालच्यासारखीच, गुळगुळीत, ना डाग ना ओरखडा.

मी धावत ती आत्याला नेऊन दिली. तिने गोळीकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं. गोळी नळीत सोडली, नळी खाली केली आणि गोळी घरंगळत तिच्या तळहातावर आली. काल संध्याकाळी नेम धरला तेव्हा हेच झालं होतं. बार उडाला तो नुसत्या दारूचा. आत्या घरात गेली, मडक्यातली एक भिजलेली सुपारी काढली आणि बंदुकीच्या तोंडाला लावली. घट्ट बसली. मग ओताऱ्याने परत केलेली सुपारी लावली. आत पडली.

ती सुपारी भट्टीशेजारी पंधरवडाभर वाळली होती. वाळून जेवढी झाली तेवढ्याच मापाचा साचा ओताऱ्याने इमानेइतबारे केला होता. गोळी साच्याबरहुकूम होती, साचा सुपारीबरहुकूम होता, फक्त बंदूक तेवढी पहिल्यासारखीच राहिली होती. मला हसू आलं. फार हसू आलं. आत्या हसली नाही.

"आता नवा साचा कुटला," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली. "पैसं सपलं. नाचनी हाय ती आठ दिसात खातील. मग काय, जायाचं भावाच्या घरी. भावजयीला इचारून चूल पेटवायची."

माझ्याच घरी येण्याचं तिला इतकं दुःख व्हावं, याचं मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. पण तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. नवा साचा मी माझ्या पगारातून घेतला असता, पण तो व्हायला पुन्हा किती दिवस, आणि तोवर शेतात उरणार काय?

काही सुचेना तेव्हा मी वेणी घालायला बसते, ही दुसरी खोड. खोबरेलाची बाटली उघडली. तिचं बूच लहान होतं, म्हणून आत्याने त्याला चिंधी गुंडाळून बसवलं होतं. मी बूच काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग बाटली तशीच घेऊन तिच्यासमोर गेले.

"आत्या, ह्या बुचाला चिंधी का लावलीस?"

"ढिलं हाय म्हनून. काय खुळ्यासारकं इचारतंस?" असं म्हणता म्हणता तिची नजर माझ्या हातावर थांबली.

पुढचं सांगायला वेळ लागतो, करायला लागला नाही. तिच्या जुन्या लुगड्याचा रुपयाएवढा गोल तुकडा कापला, खोबरेलात भिजवला, बंदुकीच्या तोंडावर ठेवला, त्यावर गोळी ठेवली आणि गजाने दाबली. आता गज ठोकावा लागला. बंदूक उलटी केली, हलवली, आपटायची तेवढी बाकी ठेवली. गोळी जागची हलली नाही. दिवसाउजेडी तिने फणसाच्या बुंध्यावर एक बार काढला आणि गोळी सालीत बोटभर रुतली. ती कोरून काढायला मला किती वेळ लागला ते विचारू नका, पण चेपलेली गोळी कशी दिसते हे मला बघायचंच होतं. पुढे फार वर्षांनी एका शिकाऱ्याने सांगितलं, की मुरलेले नेमबाज मुद्दाम बारीक गोळी घेऊन ती अशीच कापडात बसवतात. आम्हाला ते सुपारी वाळल्यामुळे कळलं.

सोमवारी शाळा होती, म्हणून मी परतले. मी नसताना आत्याने एक मोठा डुक्कर पाडला. मी जाऊन खोदून खोदून विचारलं, कुठे लागली, किती अंतरावरून, पळाला किती, तू घाबरलीस का. तिने एवढंच सांगितलं, "खांद्यावर लागली. वाडीतल्या लोकांनी वाटे घातले. बंदुकीचा वाटा माजा, नेमाचा वाटा पन माजाच." हे सांगताना ती चुलीतली लाकडं नीट करत होती, पण तिचा आवाज मला निराळा वाटला. त्यानंतर डुकरं तिच्या शेताकडे फिरकली नाहीत. पलीकडच्या घळीत गेली म्हणतात.

नाचणी झोडून झाल्यावर मार्गशीर्षात बाबा मला घेऊन आत्याकडे निघाले. बरोबर एक बैलगाडी ठरवली होती, येण्याजाण्याची. का, ते मी विचारलं नाही. गाडी रिकामीच सड्यावरून खडखडत चालली होती आणि बाबा वाटभर ओठ हलवत होते. मला त्या ओठांचा इतका राग आला की मी सगळी वाट बैलांकडे बघत राहिले.

आत्याने नव्या नाचणीच्या भाकऱ्या केल्या, सुकट केली. बाबा जेवायला बसले आणि अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"बाय, मी हिशोब केलाय. साचा, पळी, शिसं, दारू, केपा. आणि तो अडकित्ता." तो त्यांना कुणी सांगितला कोण जाणे. "एवढ्या पैशात बाजारातून ह्याच्या दीडपट नाचणी आली असती. राखलंस तू शेत, मी नाय म्हणत नाय. पण तोटाच झाला ना?"

हिशोब खरा होता. मीही तो कधीच केलेला होता आणि गप्प बसले होते. आत्या तव्यावरची भाकरी उलटत होती. तिने ती शेकून बाबांच्या ताटात टाकली.

"इकत घेतली असती ती तुज्या चुलीवर भाजली असती रे मी," ती म्हणाली. "ही माज्या चुलीवर भाजलीय."

बाबांनी वर पाहिलं. मग ताटातल्या भाकरीकडे पाहिलं आणि खाऊ लागले. त्यांनी ती सगळी खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली. मी त्यांना तिसरी भाकरी खाताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अंगणातून गाडीवानाने हाक दिली, "सामान काय काय भरायचं, कारकून?"

बाबा हात धुऊन पडवीत गेले. आत्या चुलीशी तशीच बसून होती, पाठ आमच्याकडे.

"काय भरायचं नाय," बाबा म्हणाले. "रिकामीच जाऊ दे."

दिडकीला दिडकी जोडणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी रिकाम्या गाडीचं येण्याजाण्याचं पूर्ण भाडं दिलं, आणि पुढे आयुष्यभर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.